शंभर टक्के स्वच्छ दात

मुलांना दात घासायची सवय लागावी म्हणून आमच्या शाळेत दातांची अचानक तपासणी होते. यंदाची अचानक तपासणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळी नऊला होईल, असं परिपत्रक तीन आठवडे आधी आलं. स्वच्छ दातांच्या टक्केवारीत पहिल्या आलेल्या वर्गाला गरम पाण्याच्या तलावांची सहल मिळते. दुसरी ‘ब’चा पालक-प्रतिनिधी या नात्याने मी तातडीची सभा बोलावली.

पहिली अडचण म्हणजे सात वर्षांची ब्रिना. महिनाभर ती एकाच बाजूने चावत होती.

“दाढ किडलीय तिची,” वर्गाच्या तिल्काबाई म्हणाल्या. “टक्केवारी घसरणार.”

“दवाखान्यात फेब्रुवारीची तारीख मिळालीय हो,” ब्रिनाची आई काकुळतीला आली. “तपासणीत सापडलं तर तपासायला येणाऱ्या सिस्टर त्याच दिवशी दवाखान्यात उपचाराला घेतात. एवढं होऊ द्या.”

“ताई, तुमची एक दाढ, आमची एकवीस मुलं,” मी शांतपणे समजावलं. तपासणीच्या वेळी ब्रिनाने ग्रंथालयात पुस्तकं लावावीत, असा ठराव तिची आई सोडून एकमताने मंजूर झाला.

दुसरी अडचण न्याहारीची. त्याच शुक्रवारी आमच्या स्लोव्हेनियातल्या साऱ्या शाळांत मुलांना पाव, लोणी आणि गावचा मध देतात. सभेने ठरवलं : पाव हातात धरावा, फोटो काढावा, खाऊ नये.

शुक्रवारी सकाळी मधमाश्या पाळणारे लोव्रो आजोबा बरणी घेऊन आले आणि भडकलेच. “मध काय बघायला आणलाय होय? पोरांना दात दिलेत कशाला?”

“तपासणीला,” तिल्काबाई म्हणाल्या.

सिस्टर आल्या. एकवीस तोंडं उघडली, शंभर टक्के भरले. तेवढ्यात ग्रंथालयातून किंकाळी आली. उपाशी पोरीची दया येऊन आजोबांनी ब्रिनाला मधाचा पाव दिला होता आणि मध दाढेत उतरला होता.

“कोण रडतंय?” सिस्टर दाराकडे वळल्या.

“पहिलीतलं असेल कुणीतरी,” मी म्हणालो. सिस्टरनी सही केली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात सहलीला आम्ही ब्रिनालाही नेलं, आम्ही काही निर्दयी नाही. गाल सुजला होता, म्हणून फोटोत तिला कडेला उभं केलं. पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर सगळ्यांनी आपापलं मूल शोधून कौतुक केलं. तुमचं मूल मधोमध हसत असतं, तर तुम्ही कडेला पाहिलं असतंत?