बंदोबस्ताचा नारळ

धुरी साहेब तोडकामाला निघाले की त्यांच्या एका हातात नोटिशींची फाईल असते आणि दुसऱ्या हातात शेंडीवाला नारळ. फाईल ते हमखास विसरतात. मग गाडी गेटवरून परत फिरते आणि मी ती खिडकीतून आत देते. नारळ विसरल्याचं मात्र मी आजवर पाहिलेलं नाही.

मी घाटकोपरच्या आमच्या वॉर्ड ऑफिसात अतिक्रमण खात्यात कारकून आहे. धुरी साहेब त्याच खात्याचे निरीक्षक. फुटपाथवर आलेली टपरी, नाल्यावर टाकलेला ओटा, दरवर्षी वीतभर पुढे सरकणारी पायरी, हे सगळं मागे सारायचं काम त्यांचं. असल्या कामाला कुणी हार घेऊन उभं राहत नाही, म्हणून सोबत पोलीस लागतात. पोलीस मागवायचं पत्र मी लिहिते आणि त्यांचं बिलही माझ्याच टेबलावर येतं, कारण महापालिकेला पोलीस फुकट मिळत नाहीत. माणशी, पाळीप्रमाणे आकार लागतो. तो दर खेपेला वाढतो आणि आमची तरतूद मात्र आहे तिथेच मांडी घालून बसलेली असते.

मग काटकसर सुरू झाली. एकाच दिवशी दोन तोडकामं लावायची, म्हणजे तेच शिपाई सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे. उद्यान खात्याला झोपाळ्याजवळची झोपडी हटवायची होती, तर त्यांनी आमच्याच शिपायांतले दोन अर्ध्या दिवसासाठी उसने मागितले. त्यावरून दोन्ही खात्यांची अशी जुंपली की ती मिटवायलाच बंदोबस्त लागला असता. शेवटी यावर मीटिंग बसली. एकाने सुचवलं, आपल्या वॉचमनना खाकी घालून मागे उभं करू. ते वॉचमन मी ओळखते. मांजर आडवं आलं तरी ते रस्ता बदलतात.

वॉर्डाचे मोठे साहेब कपाळाला हात लावून बसले होते. धुरी साहेब मागच्या खुर्चीतून म्हणाले, "साहेब, मला पोलीस नको. एक नारळ मंजूर करा."

"नारळ?"

"पोलीस महाग झालेत, साहेब. देव अजून परवडता."

हे वाक्य नंतर ऑफिसात इतकं चाललं की चहावाल्यानेही चहाचा भाव वाढवताना ते वापरून पाहिलं.

नारळाचं रहस्य मला पहिल्या पंचनाम्याला कळलं. बसस्टॉपला खेटून शेवंताबाईंची भाजीची टपरी होती. बाई कोयता घेऊन दारात, मागे अख्खी गल्ली. हातोडेवाले माझ्या मागे लपले होते. मी फक्त लिहायला आले होते, हे त्या गर्दीला कोण सांगणार? धुरी साहेबांनी चपला काढल्या, नारळ दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून खड्या मालवणीत गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांच्या गावाकडे कुठल्याही कामाआधी देवाला घालतात, अगदी तसंच.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गल्लीत जा काय तोडकाम काढलेला आसा, ता कोणाक धक्को न लागता पार पाडून घे रे म्हाराजा!"

गल्ली निम्मी कोकणातली. हातातले दगड तसेच ठेवून माणसं सवयीने म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"ही शेवंताबाय ह्या टपरीर आपला घर चालवता. तिका मार्केटात बरी जागा गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्या जागेच्या कागदार सही करूची बुद्धी आमच्या मोठ्या सायबांका दी रे म्हाराजा!"

या वेळचा "व्हय म्हाराजा" पलीकडच्या शाळेपर्यंत गेला असेल. सगळ्यात मोठा आवाज होता उसाच्या रसवाल्या भय्याचा. त्याला एक अक्षर कळलेलं नव्हतं. शेवंताबाईंनी कोयता खाली ठेवला, पदर डोळ्याला लावला आणि स्वतःच भाजीच्या पाट्या बाहेर काढायला लागल्या. एकदा व्हय म्हटलं की लगेच त्याच तोंडाने शिव्या देणं माणसाला जड जातं. धुरी साहेबही काही बोलून मोकळे होणारे नव्हते. बाईंना मार्केटात गाळा मिळेपर्यंत ते रोज मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभे राहायचे. देवाला शब्द दिलाय, माझी वाट लागेल, म्हणायचे.

नारळाचा खर्च मी किरकोळमध्ये टाकला. ऑडिटवाल्यांनी विचारलं, नारळ कशासाठी? मी लिहिलं, कायदा व सुव्यवस्थेसाठी. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

सगळीकडे हे चाललं असं नाही. एका टॉवरने पार्किंगची भिंत रस्त्यात घेतली होती. तिथे साहेबांनी डोळे मिटले, तर सोसायटीच्या सेक्रेटरीने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं आणि विचारलं, हे कुठल्या कलमाखाली? त्या भिंतीला शेवटी पोलीसच लागले आणि आमची तिमाही तरतूद तिथे संपली.

मी स्वतः कधी व्हय म्हाराजा म्हटलं नाही. एक तर मी ड्यूटीवर, त्यात मुलुंडची दामले. आमच्याकडे देवाशी असं चारचौघांत ओरडून बोलत नाहीत.

"दामले बाई, तुमचा तोंड कित्या बंद?" ते विचारायचे.

"साहेब, मी रेकॉर्ड घेतेय."

"घ्या, घ्या. देव पण घेता."

हे गाऱ्हाणं ते शिकले त्यांच्या थोरल्या भावाकडून, आबांकडून. आई-वडील लवकर गेले. आबा गिरणीत लागले आणि त्या पगारावर त्यांनी धाकट्याला शिकवलं. साहेबांनी लग्न केलं नाही, स्टाफ क्वार्टर्समध्ये एकटेच राहतात. दर रविवारी मात्र आबांकडे जेवायचं आणि सोमवारसाठी वहिनींनी भरून दिलेला डबा आणायचा, हा नेम. सोमवारी आमच्या खात्यात सुकटीचा असा वास सुटायचा की मी शाकाहारी बाई खिडकीत जाऊन जेवायची. पण साहेबांचा चेहरा पाहून तक्रार करवत नसे.

"घरात गाऱ्हाणा घालूचो मान आबांचो," ते सांगायचे. "थोरलो समोर असताना धाकट्यान तोंड उघडूचा नाय. मी आपलो तेंच्या मागसून व्हय म्हाराजा म्हणणारो."

आणि मग डोंगरउतारावरच्या मोठ्या नाल्याचं रुंदीकरण आलं. नाल्यावर आलेल्या बांधकामांत एक ओटा आबांचा होता. गिरणी बंद पडल्यापासून आबा त्या ओट्यावर बसत आले होते. गणपती घरात शिरण्याआधी त्याच ओट्यावर टेकायचा. साहेबांना ती फाईल दुसऱ्या निरीक्षकाकडे सरकवता आली असती. मीच तसं सुचवलं.

"दुसरो जाईल आणि उद्धटासारखो बोलात," ते म्हणाले आणि त्यांनी नोटिशीवर सही केली.

त्यानंतरच्या सोमवारी डबा आला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. साहेब कँटीनची उसळ पुढ्यात घेऊन "झकास आहे हां" म्हणायचे आणि अर्धी ठेवून उठायचे. आबांनी दार बंद केलं, हे न सांगता समजत होतं. मला त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा फार राग आला. सुकटीच्या वासाची आठवण येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण आली.

तोडकामाच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. "धुरी, या घराला पोलीस घ्या. बिलाचं माझं मी बघतो."

धुरी साहेबांनी मान हलवली. "साहेब, माझ्या भावाच्या दारात पोलीस उभे केले, तर त्या दारात मला परत उभं राहता येणार नाही."

"आणि नुसत्या नारळाने नाही झालं तर?"

"तर दुपारी पाठवा. मग मी काय बोलणार?"

बंदोबस्ताचं पत्र मी लिहून तयार ठेवलं. असं पत्र लिहिताना माझा हात याआधी कधी जड झाला नव्हता.

सकाळी आम्ही पोचलो तर आबा ओट्याच्या मधोमध बसलेले, बनियन-लुंगीवर, हाताची घडी घालून. दारात वहिनी. गल्ली गच्च भरलेली. धुरी साहेबांनी चपला काढल्या, नारळ धरला, डोळे मिटले, तोंड उघडलं. शब्दच फुटेना.

"काय साहेब, आज देव रजेवर काय?" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

"साहेब, सुरू करा ना," मी हळूच म्हटलं.

"आबा समोर आसत," ते कुजबुजले. "मी कसा घालू?"

अख्ख्या वॉर्डात ज्यांच्या आवाजाने कोयते खाली येतात, ते धुरी साहेब नारळ घेऊन नुसते उभे होते. हातोडेवाले माझ्याकडे बघत होते आणि माझ्या पर्समध्ये ते पत्र होतं. मी मोबाईल काढला. आता मोठ्या साहेबांना कळवायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात आबा ओट्यावरून उतरले.

"नारळ असो धरतत?" ते गरजले. "शेंडी खय केलंस? इतकी वर्सां माझ्या मागे उभो रवान ह्याच शिकलंस?"

त्यांनी नारळ हिसकावून घेतला, नीट फिरवून धरला आणि आपल्याच ओट्याकडे तोंड करून उभे राहिले. धुरी साहेब आपोआप त्यांच्या मागे सरकले. केस पिकलेला माणूस, पण उभा असा राहिला की मागे लहान मूल आहे असंच वाटावं.

"बा देवा म्हाराजा! हो माझो धाकटो भाव. तेका मी शिकयलंय. तेची सही खरी आणि तेची चाकरी खरी. आज तेच्या हातान माझो ओटो मोडतलो. तेचो दोष तेच्या माथ्यार घालू नको रे म्हाराजा!"

गल्लीतून आवाज उठला, पण दबका. कितीतरी जणांनी माना खाली घातल्या होत्या.

"ओटो गेलो तर गेलो. पण ती नोटीस काढल्यापासून ह्यो खुळो लाजान माझ्या घराक जेवक येवक नाय. ह्याची वहिनी दर आयतवारी पान वाढून वाट बघता. मी दार बंद केलंय काय रे? ह्येका परत जेवक धाड रे म्हाराजा!"

पहिली वहिनींनीच हाक दिली, दारातून, रडक्या आवाजात. मग सगळी गल्ली. धुरी साहेबांचे ओठ हलले, पण आवाज बाहेर येईना. जन्मभर आबांच्या मागे उभं राहून जे म्हटलं, तेच त्यांना म्हणता येत नव्हतं.

म्हणून त्यांच्या वाटचं मी म्हटलं. मोबाईल पर्समध्ये टाकला आणि चांगलं ओरडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"