टॉवेलाखालचा सौदा

आमचे शेजारी दगडूतात्या कुठल्याही वस्तूचा भाव तोंडाने बोलत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल समोरच्याच्या हातावर टाकतात आणि खालून त्याची बोटं धरतात. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं दलाली केली. तिथे सौदा असाच होतो. जितकी बोटं धरली तितके हजार. टॉवेलाखालचा आकडा त्या दोघांपुरता. तिसऱ्याने तो विचारायचा नाही, असा रिवाज. पण तात्या भाजीवाल्या मावशींसमोरही टॉवेल काढतात. मावशी म्हणतात, "तात्या, हात आवरा. मेथी दहाला जुडी हाय, ऐकू दे की सगळ्या गावाला."

माझं उलट. आकडा कागदावर दिसल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरच्या आरोग्य विम्याची बत्तीस पानं मी पट्टी ठेवून वाचली आहेत. म्हणूनच यंदा दिवाळीनंतर तात्यांनी मला बोलावलं. काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, विमा काढायचा होता. काकूंची शुगर जुनी. त्यात हृदयाची एक झडप कमजोर असल्याचं नुकतंच निघालं होतं. ऑपरेशन आज ना उद्या लागणार. सरकारी योजनेचं कार्ड घरात होतं, पण काकूंचे उपचार चालू होते तो दवाखाना यादीत नव्हता.

"मतदानाला न्यायला गाडी दारात येती," तात्या म्हणाले. "दवाखान्याला न्यायचं म्हनलं की सांगत्यात, यादी बघा."

मी दर निवडणुकीत जाहीरनामे वाचणारा माणूस, पण असली यादी मी कुठल्याच जाहीरनाम्यात वाचली नव्हती. विम्यावरचा अठरा टक्के कर गेला, ते बरं झालं. तरी उरलेला हप्ता साठीच्या माणसाला झेपत नाही, आणि विम्याची गरज साठीतच पडते.

नगरहून विमा एजंट आले. पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ. ते हप्ता सांगणार तोच तात्यांनी त्यांच्या हातावर टॉवेल टाकला.

"अहो, हप्ता कॉम्प्युटर ठरवतो," एजंट गोंधळून म्हणाले. "माझी बोटं दाबून काय होणार?"

"मग त्याला घिऊन यायचं हुतं."

फॉर्म भरताना आजारांचा रकाना आला. एजंटांनी आवाज खाली आणला. "इथं काही लिहू नका. हप्ता कमी बसेल."

तात्यांनी चष्मा काढला. "खोड लपवून मी एक जनावर इकलं न्हाई. लाथ मारती तर मारती म्हनून सांगितलं. अन् आता बायकूची लपवू व्हय?"

आतून काकूंचा आवाज आला, "मी बी लाथ मारती, लिव्हा म्हनावं."

तात्यांनी सगळं लिहायला लावलं. शुगर, झडप, गुडघे. शेवटी 'रागीट' असंही सांगितलं. ते मी लिहू दिलं नाही.

महिन्याने कंपनीचं उत्तर आलं. विमा मिळेल, हप्ता दीडपट, आणि जुन्या आजारांसाठी पहिली तीन वर्षं एक रुपयाही मिळणार नाही. मी ते कलम दोनदा वाचून दाखवलं.

"तात्या, हिशेबाने हा सौदा बसत नाही. ज्यासाठी विमा काढायचा, तेच वगळलंय."

"तीन वर्सांनी मिळंल?"

"मिळेल. पण ऑपरेशन तोवर थांबायला हवं."

"म्हंजे थांबायचं तिनं."

तात्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "भरू हप्ता. आपन कबूल केल्यावर तिला बी थांबायचं कबूल करावं लागंल."

काकू बाहेर ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. तात्या जाऊन शेजारी बसले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी काकूंच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला.

"तीन," ते म्हणाले. तोंडाने भाव बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "एक बी कमी घेनार न्हाई."

काकूंनी सूप बाजूला सारलं. "माझा हात काय बाजारातला हाय का?" असं म्हणाल्या, पण हात काढून घेतला नाही. टॉवेल जरासा हलला.

काकूंनी किती बोटं धरली, ते मी विचारलं नाही. तात्यांनी टॉवेल मात्र बराच वेळ उचलला नाही.