इंदूआक्का आणि पत्तेवाली

आमच्या गल्लीत प्रत्येकाला दोन नावं आहेत. एक आधारकार्डावरचं आणि दुसरं इंदूआक्कांनी ठेवलेलं. पहिलं कुणाच्या फारसं लक्षात नसतं.

सियाचीनच्या गोष्टी सांगणारे निवृत्त सुभेदार म्हणजे 'बर्फवाले'. पाणीपुरवठा संस्थेचे सेक्रेटरी प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मुद्दा असा की' अशी करतात, म्हणून ते नुसते 'मुद्दा'. दर दोन दिवसांनी वाटी घेऊन येणारी कोपऱ्यावरची सूनबाई 'विरजण'. मी आक्कांचा शेजारी, शाळेतला निवृत्त क्लार्क. माझं नाव 'अर्धा चहा'. अर्धाच द्या म्हणतो आणि तीनदा घेतो, म्हणून.

ही नावं अर्थातच पाठीमागे चालायची. तोंडावर आक्का सगळ्यांना भाऊजी, दादा, वैनी म्हणायच्या, तेही इतक्या गोड की ऐकणाऱ्याला शंका यायची नाही.

गेल्या वर्षी दिवाळीआधी आक्का ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. जुडी हातातून पडली, ती त्यांना उचलता येईना. तोंड एका बाजूला वळलं. बापू, म्हणजे आक्कांचे यजमान, अनवाणीच माझ्या दारात आले. माझ्या गाडीतून आम्ही पलूसहून थेट सांगली गाठली. मेंदूला झटका आला होता. पंधरा दिवसांनी आक्का काठी टेकत चालत घरी आल्या, पण शब्द काही त्यांच्याबरोबर आले नाहीत. समजायचं सगळं. मीठ हवं असलं की "ते... पांढरं... त्याचं ते..." असं म्हणायच्या, आणि मग चिडून स्वतःच उठून बरणी घेऊन यायच्या.

घोटाळा झाला तो भेटायला येणाऱ्यांचा. सुभेदार आले, समोर खुर्चीत ताठ बसले.

"वैनी, वळखलं का?"

आक्कांचा चेहरा उजळला. "बर्फवाले!"

मागोमाग सेक्रेटरी आत आले. "मुद्दा!" आक्का म्हणाल्या. खरी नावं पुसली गेली होती, ठेवलेली तेवढी शाबूत होती.

दोन दिवस गल्ली तापली. तिसऱ्या दिवसापासून मात्र आपलं नाव काय ते ऐकायला लोक मुद्दाम यायला लागले. समोरची शालन तीन वेळा येऊन बसली. तिन्ही वेळा आक्का जीव एकवटून म्हणाल्या, "शा... शालन."

"म्हंजे मला काय नावच न्हाई व्हय?" शालन फणकारली.

"आगं, बरूबर सांगितलं की तिनं!" बापूंना कोण आनंद झाला होता. शालन आठवडाभर फिरकली नाही.

डॉक्टरांनी स्पीच थेरपी सांगितली होती. दर गुरुवारी मी गाडी काढायचो, आक्का मागे, बापू माझ्याशेजारी. सांगलीतल्या त्या मॅडम म्हणजे पंचविशीतली मुलगी, माहेर दहिवडीकडचं, तिकडची बोली आमच्यासारखीच. त्यामुळे आक्कांशी ती आक्कांच्याच बोलीत बोले. पत्ते पिसावेत तशी चित्रांची कार्डं पिसायची, एकेक दाखवायचं आणि नाव विचारायचं, असा तो प्रकार होता.

छत्रीचं कार्ड आलं. आक्का ठामपणे म्हणाल्या, "दीर!"

मॅडमनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मी खुलासा केला, आक्कांचे धाकटे दीर भर चैत्रातही छत्री घेऊन फिरतात.

"मग दिराच्या हातात काय आसतंय, आक्का? कशाला लागतंय ते?"

"पाऊस... उघडायचं... छ... छत्री!"

"आसंच करायचं. शब्द घावत न्हाई तर त्याचं काम सांगा, कुठं ठेवताय ते सांगा. मागनं येतोय त्यो."

तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी बाहेरच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कुणाकडं आलाय, आजी?" आक्का क्षणभर घुटमळल्या आणि म्हणाल्या, "पत्तेवाली."

मॅडम आतून धावत बाहेर आल्या. मला वाटलं, आता ही रागावणार. तिनं आक्कांचे दोन्ही हात धरले. "आक्का, ह्ये जुनं न्हाई! ह्ये नाव तुमी आत्ता नवं केलंय!" तिच्या वहीत त्या दिवशी लाल शाईनं काहीतरी लिहिलं गेलं.

मग एकदा तिनं बापूंचा फोटो समोर ठेवला. "ह्यांचं नाव काय?"

आक्कांनी मान खाली घातली. पदर सारखा केला. मॅडमनी थांबून पुन्हा विचारलं, पहिलं अक्षर सुचवलं. आक्का लाजून लाल झाल्या, पण ओठ उघडेनात. मॅडम चिंतेत पडल्या आणि वहीत लिहायला लागल्या.

"मॅडम, ते लिव्हू नगा," बापू म्हणाले. "ह्ये आजारानं न्हाई. लगीन झाल्यापासनंच हाय. एकदा घेतलंय नाव, ते बी बायकांनी दार अडवलं म्हणून."

आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

माघाच्या सुमारास मॅडम म्हणाल्या, "आता धा शब्द तुमी निवडा. तुमाला रोज लागणारं." बापूंनी घरून यादीच आणली होती: पाणी, गोळी, दुखतंय, संडास, फोन. आक्कांनी डाव्या हातानं यादी बाजूला सारली.

"न्हाई. माझं... माझं ते."

"काय, आक्का? काम सांगा त्याचं."

"काम न्हाई." त्यांनी हातभर अंतर दाखवलं. "ल्हान. पाळणा... आठ... आठ म्हैनं."

मॅडम कार्डं चाळायला लागल्या. बाळ, बाहुली, पाळणा. आक्का प्रत्येक कार्डाला मान हलवत होत्या, डोळ्यांत पाणी साठत होतं. मला काहीच समजेना. मग बापू बोलले, अगदी हळू.

"सुमी."

आक्का एकदम थांबल्या. बापूंकडे बघत राहिल्या.

"आमची पयली पोरगी," बापू मॅडमना म्हणाले. "आठ म्हैन्याची गेली. पन्नास वर्सं झाली. फोटो कुठला काढायला तवा." मग म्हणाले, "हिला तरास नगं म्हणून मी नाव काढलं न्हाई. हिनं बी कधी काढलं न्हाई."

आक्कांनी जोरात मान हलवली. बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"रोज," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांना अजिबात शोधावा लागला नाही. "रोज. मनात... रोज. आता... घावंना."

मॅडमनी एक कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'सुमी' लिहिलं. आक्का तोंडातल्या तोंडात पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. कधी 'सु' अडायचा, कधी 'मी' निसटायचा, पण शेवटी जमलं.

परतताना बापू पुढे बसायला आले नाहीत. मागचं दार उघडून आक्कांच्या शेजारी बसले. वाटेतलं नांद्रं गाव मागे पडलं. मग बापूंचा आवाज आला, "काय बोलायचीस गं तिच्यासंगं, रोज?"

आक्का शब्द शोधायला लागल्या. एक सापडायचा, दुसरा नाही. बापू घाई न करता वाट बघत होते.

पलूस तिथून काही लांब नाही. त्या दिवशी मी गाडी तीसच्या वर नेली नाही.