मास्तरांनी बेतलेला नाच

"बाबा, हात असे लोंबकळत ठेवू नका. स्टेअरिंग धरल्यासारखे धरा," सूनबाई म्हणाली.

"मी नाचतोय का गाडी चालवतोय?"

"सध्या दोन्हीतलं काहीच होत नाहीये," मास्तरीणबाई पायमशीनवरून मान वर न करता म्हणाल्या.

घराच्या पुढच्या खोलीत मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. कापायचं टेबल भिंतीला लावून खोली मोकळी केलेली, आणि मधोमध मास्तर उभे: गळ्यात टेप, कानावर खडू, वय वर्षं पासष्ट. सूनबाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ती गाडीसारखीच शिकवत असे. "आरसा बघा. आता डावीकडं. अहो, एकदम ब्रेक नका मारू!"

हे सगळं कशापायी, तर एका गुडघ्यापायी.

चार महिन्यांपूर्वी मास्तर वरच्या फळीवरचा तागा काढायला स्टुलावर चढले आणि ताग्यासकट खाली आले. ताग्याला काही झालं नाही. मास्तरांच्या डाव्या गुडघ्याचं मात्र ऑपरेशन करावं लागलं. ज्या पायानं चाळीस वर्षं मशीन पळवलं, तो पाय लाकडासारखा ताठ होऊन बसला. मशीनचं चाक थांबलं, पट्टा सैल पडला, आणि त्या घराचा जणू ठेकाच गेला.

मग इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या व्यायामाच्या बाई त्यांच्या आयुष्यात आल्या. वयानं मुलीएवढी, अंगानं सडसडीत आणि मनानं दगड, असं मास्तरांचं पहिल्या दिवसापासूनचं मत. दहा म्हणायची आणि बारा करून घ्यायची. मास्तर तिच्यावर ओरडले, रुसले, तीनदा "उद्यापासून येत नाही" म्हणून निघाले. एकदा तर सगळ्यांसमोर तिला "जल्लाद" म्हणाले. ती म्हणाली, "बरं. आता टाच वर." दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत तर तिनं फोन केला, "काका, दार उघडं आहे," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

आणि तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी मास्तर मशीनवर बसले, पाय खाली दाबला, आणि चाक फिरलं. मास्तरीणबाई पोळपाटासारखा चेहरा करून दारात उभ्या राहिल्या, कारण रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

त्याच दिवशी मास्तर आभार मानायला गेले. तिच्यासमोर उभे राहिले, घसा खाकरला, आणि तोंडातून निघालं, "तुमच्या कोटाचा डावा खांदा पाव इंच उतरलाय." दुसऱ्या वेळी चिठ्ठी लिहून नेली, ती खिशातच राहिली आणि धुण्यात तिचा लगदा झाला. तिसऱ्या वेळी मास्तरीणबाईंनी मागून कोपरानं ढोसलं, तेव्हा ते म्हणाले, "तुमचा पंखा फार वाजतो हं."

आता मात्र वेळ संपत आली होती. शनिवार तिचा शेवटचा दिवस. त्यानंतर ती दुसऱ्या गावच्या इस्पितळात चालली होती. शनिवार गेला की ते शब्द मास्तरांच्या घशातच राहणार, आणि तिच्या मनात त्यांचा एकच शब्द राहणार: जल्लाद.

म्हणून सूनबाईनं तोड काढली. "हल्ली लोक अर्ध्या मिनिटाचा नाच करून फोनवर टाकतात, बाबा. एकट्यानं, हसतमुख. त्यांनी शिकवलेले व्यायामच नाचात घालू. बोलायचं कामच नाही."

"मी नाचू?"

"मग गुडघा कुणाचा बरा झालाय? आईंचा?"

मास्तर एका अटीवर कबूल झाले. नाच दुसऱ्या कुणी बसवायचा नाही, तो ते स्वतः बेतणार.

आणि त्यांनी तो खरोखरच बेतला. टेबलावर खाकी कागद पसरला, पट्टी घेतली, आणि कोटाचा नमुना काढावा तसा नाच काढला. आठ पावलं उजवीकडं, प्रत्येक पाऊल बारा इंचांचं. मग एक गिरकी. मग जागच्या जागी चार वेळा टाचा वर, दोनदा गुडघा वाकवणं आणि शेवटी लवून नमस्कार. प्रत्येक पावलाला छोटी रेघ, गिरकीला अर्धगोल. असा स्वच्छ कागद, की दुसऱ्या शिंप्याच्या हाती दिला असता तर त्यानंही नाचून दाखवलं असतं.

गाणं कुठलं घ्यायचं यावर थोडी धुसफुस झाली. शेवटी मास्तरीणबाई म्हणाल्या, "आपलं मशीन आहे की. त्याच्याइतका ठेका कोण देणार?" आणि त्या पाय हलवत, कापड सरकवत, आपल्याच नादात म्हणू लागल्या:

"एक पाऊल टाक रे राजा, दुसरं त्याच्या मागं,
गुडघेबुवा, पाया पडते, शहाण्यासारखं वागं!"

खडखड खडखड मशीन, त्यावर हे दोन चरण. सूनबाईचे खांदे आपोआप हलायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी सूनबाईला शिकवणीला जायचं होतं. तिनं कागदावरची मापं वाचून जमिनीवर खडूनं पहिली आणि शेवटची खूण केली, स्टुलावर फोन असा टेकवला की त्या दोन खुणांमधलं सगळं बरोबर मावेल, आणि सासूबाईंना बजावलं, "आई, हे लाल दाबलं की सुरू. झालं की पुन्हा लाल. मग हा बाण, मग हे निळं. मजकूर मी लिहून ठेवलाय. आणि बाबा, खाली बघायचं नाही. समोर बघा आणि हसा. चष्मा काढा, त्यात दिवा चमकतो."

इथं एक गोष्ट सूनबाईला ठाऊक नव्हती. गाडी शिकवणाऱ्याला ती ठाऊक असायचं कारणही नाही. शिंपी कागदावर माप काढतो ते नेमकं काढतो. शिलाईसाठी जास्तीची जागा, म्हणजे मार्जिन, तो कागदावर काढत नाही. ते कापडावर सोडायचं असतं, आणि चाळीस वर्षांत ते हातालाच कळायला लागतं. मास्तरांच्या ते पायालाही कळलं. त्यांनी प्रत्येक पावलाला मार्जिन सोडलं. पाऊल म्हणजे काही झंपराची बाही नव्हे, म्हणून मार्जिनही चांगलं वीतभर.

लाल दाबलं. मशीन धावू लागलं. मास्तर चष्म्याविना, धुक्याकडं पाहून हसत, उजवीकडं निघाले.

पाचव्या पावलाला त्यांचा फक्त डावा कोपर चौकटीत उरला. सहाव्याला तोही गेला. आठव्या पावलाला ते कोपऱ्यात पोचले आणि त्यांनी ऐटीत गिरकी घेतली. गिरकीतला हात तिथल्या पुतळ्याला लागला. कपडे चढवून बघायचा, चाकांवरचा, बिनडोक्याचा तो पुतळा. त्याच्या अंगावर दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट होता, एकच बाही लावलेला. त्या खोलीची फरशी मध्याकडं जराशी उतरती. पुतळा निघाला. एक चाक अडकत होतं म्हणून तो स्वतःभोवती फिरत फिरत निघाला, बरोबर फोनसमोर आला आणि थांबला. मशीनच्या धक्क्यानं जमीन थरथरत होती, त्या ठेक्यावर त्याची एकुलती एक बाही वरखाली झुलायला लागली.

कोपऱ्यात मास्तर जीव ओतून टाचा वर करत होते. त्यांना वाटलं, हाताला लागलं ते टेबल असावं. मास्तरीणबाईंची नजर सुईवर, कारण नजर सुईवर नसली तर बोट सुईखाली जातं. मास्तरांनी लवून नमस्कार केला. तो भिंतीला झाला.

"झालं?" मास्तरीणबाईंनी मशीन थांबवून विचारलं.

"झालं. आणि झकास झालं."

मग लाल, बाण आणि निळं.

शनिवारी सकाळी सूनबाई फोन बघत चहाला आली आणि दारातच थबकली. "बाबा, तुम्ही कुठं आहात?"

"हा काय, चहा पितोय."

"व्हिडिओत हो! व्हिडिओत कुठं आहात?"

मास्तरांनी चष्मा चढवला. वर सूनबाईचा मजकूर होता: 'माझ्या व्यायामाच्या बाईंना, मनापासून.' खाली चार सेकंद मास्तर, आणि मग पांढरा कोट घातलेली, डोकं नसलेली एक आकृती गरगरत येते आणि एका बाहीनं हातवारे करते. मागून मास्तरीणबाईंचा आवाज: शहाण्यासारखं वागं.

"नऊ हजार लोकांनी पाहिलाय," सूनबाई हळूच म्हणाली. "लोकांना फार आवडलाय."

मास्तरांनी त्याखालचा पहिलाच अभिप्राय वाचला. 'बाईंना डोकं नसतं हे बरोबर दाखवलंत. आमच्याही बाई अशाच.' त्याखाली सहाशे जणांचे हसरे चेहरे.

कप बशीत वाजला. "आधी जल्लाद म्हटलं, आता डोकं नाही म्हटलं. काढून टाक ते!"

"काढते. पण आतापर्यंत नऊ हजार..."

"नऊ हजारांशी मला काय करायचंय? त्यात ती आहे का, तेवढं सांग!"

ते कुणालाच सांगता येईना. मास्तरांनी पायात चपला सरकवल्या. "गाडी काढ."

गाडी होती, पण ड्रायव्हिंग स्कूलची होती, आणि सकाळच्या शिकवणीचे गृहस्थ आधीच स्टेअरिंग धरून बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, आजचा तिसरा धडा. मास्तर आणि मास्तरीणबाई मागं बसले. गाडी निघाली असं सूनबाईनं सांगितलं म्हणून कळलं.

"जरा दाबा की हो," मास्तर म्हणाले.

"मला मॅडमनी वीसच्या वर जायचं नाही म्हणून सांगितलंय," गृहस्थ समोर बघत म्हणाले. मग मागच्या आरशात पाहून त्यांचा चेहरा खुलला. "अरे! तुम्ही त्या पुतळ्याचे का? माझ्या नातीनं मला सात वेळा दाखवला!" आणि त्या आनंदात गाडी बंद पडली. चौकाच्या मधोमध.

मास्तर दार उघडून उतरले ते चालायलाच लागले. मागून मास्तरीणबाई, "अहो, सावकाश! गुडघा!" पण गुडघ्याची वास्तपुस्त करायला मास्तरांना सवड कुठं होती? दोन चौक, एक पूल आणि इस्पितळाचे दोन मजले. लिफ्टपुढं रांग होती, म्हणून जिना.

वर लांबलचक बोळ होता. दोन्ही बाजूंना बाकांवर माणसं बसलेली: कुणाचा खांदा झोळीत, कुणाच्या मानेला पट्टा, कुणाजवळ कुबड्या. मास्तर आत शिरताच मानेला पट्टा लावलेल्या बाई अख्ख्या अंगानं वळल्या. "अगंबाई, पुतळेवाले!"

दार उघडून ती बाहेर आली. तोच उतरलेल्या खांद्याचा कोट. "काका? आज तुमची वेळ नाही."

"बाई, तो व्हिडिओ... माझ्या मनात तसं काही नव्हतं. ते मार्जिनमुळं झालं."

"कुठला व्हिडिओ?"

तिनं खिशातून फोन काढून दाखवला. बटणांचा, साधा, फक्त बोलायचा. नऊ हजारांत ती नव्हतीच. मास्तरांना एवढं हलकं वाटलं की ते भिंतीला टेकले. आणि लगेच लक्षात आलं, ती नव्हती म्हणजे आभारही तिच्यापर्यंत पोचले नव्हते.

"थांबा, मी दाखवते!" पट्ट्यावाल्या बाई म्हणाल्या. "माझ्याकडं उतरवून घेतलाय!" झोळीवाल्यानं डाव्या हातानं फोन काढला, कुबड्यावाल्यानं कुबडीच बाजूला ठेवली. पाच-सहा फोन एकदम तिच्या दिशेनं निघाले.

"नका दाखवू!" मास्तर ओरडले. "तो मी नाहीच. मी... मी हा असा आहे."

आणि ते नाचायला लागले.

मशीन नव्हतं. पण मास्तरीणबाई तेवढ्यात धापा टाकत जिना चढून आल्या होत्या. नवरा इस्पितळात एकटाच नाचताना पाहून त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. बाकावर तळहातानं ठेका धरला आणि उरल्यासुरल्या श्वासात गुडघेबुवांना विनवू लागल्या. दुसऱ्या चरणाला अख्खा बोळ टाळ्या वाजवत होता.

मास्तरांनी प्रत्येक पावलाला मार्जिन सोडलं. बोळ लांब होता, मार्जिन मावत होतं. लोकांनी पाय आत घेतले, कुबड्या उभ्या धरल्या. आठ पावलं, गिरकी, टाचा वर, गुडघा खाली. हा मेणासारखा वाकणारा गुडघा चार महिन्यांपूर्वी लाकूड होता, हे त्या बोळात दोघांनाच ठाऊक होतं. नाही, तिघांना. शेवटचा नमस्कार या खेपेला भिंतीला नव्हता.

मास्तर ताठ झाले. घसा खाकरला. तोंड उघडलं. आत नेहमीसारखीच खांद्याची, पंख्याची, हवापाण्याची वाक्यं गर्दी करून उभी होती.

"काका," ती म्हणाली, "आधी श्वास सोडा. केव्हाचा धरून ठेवलाय."

त्यांनी श्वास सोडला. त्याबरोबर सगळं बाहेर आलं.

"मी तुम्हाला फार टाकून बोललो, बाई. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पाय चालता केलात. घरात मशीन वाजतंय. दर सकाळी पहिला टाका घालताना मी तुमचं नाव घेतो. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं."

चार महिन्यांत पहिल्यांदाच तिला पुढचा आकडा सुचला नाही. तिनं खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यात नाक शिंकरलं, मग तो टॉवेल कुणा पेशंटचा आहे हे पाहून घडी घातली आणि जमेल तेवढ्या करड्या आवाजात विचारलं, "चला, पुढचा नंबर कुणाचा?"

बोळात एकूण अकरा माणसं होती. एकालाही आपला नंबर आठवेना.