नानांच्या सिनेमाचा शेवट

गोविंदा नाना प्रकाशा गावाला तापीवर नाव चालवायचे. ऐन मधोमध आले की वल्हं आडवं टाकून सिनेमाची गोष्ट सांगायला बसायचे. गोष्ट संपेपर्यंत नाव हलायची नाही. देवळातली आरती चुकलेली माणसं पैलतीरावर उतरून त्यांच्या नावाने बोटं मोडायची.

नानांनी जन्मात एकच सिनेमा पाहिला, तोही इंग्रजी. शहाद्याला तंबू आला तेव्हा आठवडाभर रोज. जहाज फुटतं आणि दोन जिवलग मित्र एका होडीत उरतात, अशी ती गोष्ट. त्या साहेबांवर नानांचा भारी राग. "दहा दिन व्हयनात समुद्रमा, अजून वल्हं धरता येत नही त्याले!" पुढे एकजण पाण्यात पडतो, होडीची कड धरतो. "अन दुसरानी त्याले हात धरीसन वर वढा!" असं म्हणून नाना वल्हं उचलायचे.

खरं तर तो दुसरा, प्यायचं पाणी एकालाच पुरेल म्हणून, मित्राची बोटं एकेक करून सोडवतो. कुणी तसं म्हटलं की नाना फणकारायचे, "तू लवकर उठी गया व्हशी!"

मी गावात नवा मास्तर, शहाणपण उतू चाललेलं. एकदा भर नावेत मी त्यांना खोटं पाडलं. नाना गोष्ट तिथेच सोडून वल्हं मारू लागले. काठावर उतरल्यावर एका म्हातारीने मला गाठलं. जुन्या एका पुरात नाव बायकापोरांनी भरली होती. नानांचा धाकटा भाऊ पाण्यातून कडेला लोंबकळला आणि नाव कलंडू लागली. नानांनी आपल्या हातांनी त्याची बोटं सोडवली.

"त्याच नावमा मन्हा जीव वाचना, मास्तर," म्हातारी म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

पुढल्या वर्षी तोच सिनेमा पुन्हा आला. नाना शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. "मास्तर, त्या येळले मी दर खेप उठी जास. तुम्ही शेवटलोंग बसा. अन माले सांगा."

मी बसलो. शेवट अर्थातच तोच होता.

दुसऱ्या दिवशी मधोमध आल्यावर नानांनी वल्हं आडवं टाकलं. नावेत आम्ही दोघंच होतो.

"काय व्हयनं?"

"वर ओढलं, नाना. दोघंही वाचले."

नानांनी पाण्याकडे पाहिलं. "मंग तो भाऊ त्याले काही बोलना का?"

"नाही. नुसता शेजारी येऊन बसला."

नाना फळीवर जरा सरकले. मग त्यांनी वल्हं उचललं.