रंगनाथ तरसाची बढती

एका जंगलात, मुलांनो, वाघ होता, बिबट्या होता, सोंडेने झाडं उपटणारा हत्तीही होता. पण जंगल घाबरायचं ते एका तरसाला. आणि तेसुद्धा रोज संध्याकाळी साडेसात ते आठ, एवढाच वेळ.

कारण साडेसातला टीव्हीवर 'अंगणी आली हरिणी' ही मालिका लागायची. तिच्यात हा तरस सर्जेरावाचं काम करायचा. सर्जेराव म्हणजे हरिणीचा दुष्ट दीर. त्याने काय नाही केलं? हरिणीच्या वाटेत काटे पेरले. सासऱ्यांचं कुरण स्वतःच्या नावावर करून घेतलं. बारशाच्या खिरीत धोतरा कालवला, तोही हसत हसत. एकदा तर त्याने गावदेवीची घंटाच पळवली. घंटेचं त्याला काय करायचं होतं, ते लेखकालाही सांगता आलं नाही.

सर्जेराव पडद्यावर आला की सशिणी कडाकडा बोटं मोडायच्या. माकडं टीव्हीवर टरफलं फेकायची. सांबरीण आजी जपमाळ बाजूला ठेवून शिव्या द्यायच्या, आणि आठ वाजता माळ पुन्हा हातात घ्यायच्या.

खरा तरस मात्र अगदी गरीब स्वभावाचा. त्याचं नाव रंगनाथ. त्याचं पोट नाजूक होतं. मेतकूट-भातावर त्याचं भागायचं. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर तो थांबायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या, तुमचं आधी होऊ द्या."

तो बाजारात गेला की भाजीवाल्या त्याला टोमॅटो फेकून मारायच्या. तो ते झेलायचा, पिशवीत भरायचा आणि घरी न्यायचा. त्याची बायको कुमुद त्यांचं सार करायची.

"आज जरा कच्चेच मारलेत हो," ती म्हणायची.

"उद्या जरा जास्त छळतो हरिणीला," रंगनाथ म्हणायचा.

असा त्यांचा संसार अगदी सुखाचा चालला होता.

त्याच जंगलात, तळ्याकाठी, प्राध्यापक बगळे राहायचे. ते एका पायावर उभं राहून विचार करायचे. आपण मालिका बघत नाही असं ते सगळ्यांना सांगायचे. आणि कालच्या भागात काय झालं, हे त्यांच्याइतकं नीट कुणालाच सांगता यायचं नाही.

एका रविवारी पाणवठ्यावरच्या व्याख्यानमालेत त्यांचं भाषण होतं. विषय होता, 'सर्जेराव: खलनायक नव्हे, शोकनायक!'

"शोकनायक म्हणजे काय, सर?" एका माकडाने विचारलं.

"फार पूर्वी, समुद्रापलीकडे थोर नाटकं होत," सर म्हणाले. "त्यांतला नायक मोठा असे. पण त्याच्या स्वभावात एक उणीव असे. त्या एका उणिवेपायी तो स्वतःचा नाश ओढवून घेई. ते बघून प्रेक्षक रडत. आणि रडून रडून त्यांच्या मनाचं विरेचन होई."

विरेचन म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही ससे उठून घरी गेले. त्यांना वाटलं, आता एरंडेल वाटणार.

"सर्जेरावाने खिरीत धोतरा का घातला?" सरांनी पंख पसरले. "तो दुष्ट आहे म्हणून? छे! बालपणी त्याच्या वाट्याला कधी खीर आली नसेल! तो हात सर्जेरावाचा होता, पण डाव नियतीचा होता!"

पहिल्या रांगेत गोदाक्का कासवीण बसली होती. ती पापड करून विकायची आणि मनात येईल ते बोलायची.

"पण सर," ती म्हणाली, "ती खीर खाऊन सासरे आठवडाभर बाभळीला मामा म्हणत होते. त्यांचं काय?"

"ते गौण पात्र आहे," सर म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सांबरीण आजी हुंदके देऊन रडल्या. "मी त्या लेकराला मेल्या म्हटलं गं," त्या म्हणाल्या, "एकदा नाही, रोज म्हटलं."

दुसऱ्या दिवशी रंगनाथ पिशवी घेऊन बाजारात गेला. एकही टोमॅटो आला नाही. उलट भाजीवाल्यांनी त्याच्या अंगावर चाफ्याची फुलं उधळली. एका सशिणीने आपलं पिल्लू त्याच्या पायावर घातलं.

"किती सोसलंत हो तुम्ही!" ती म्हणाली.

"कधी?" रंगनाथने विचारलं.

"बघा! स्वतःचं दुःख स्वतःला कळतसुद्धा नाही!" सशीण आणखीच रडली.

रंगनाथ फुलांनी भरलेली पिशवी घेऊन घरी आला. कुमुदने आत डोकावून बघितलं. "याचं काय सार करू?"

पण खरं सांगू का मुलांनो, रंगनाथला ते आवडलं. कुणाला नाही आवडणार? त्याने ट्रंकेतली शाल काढून खांद्यावर टाकली. तो सावकाश बोलायला लागला. मध्येच थांबून क्षितिजाकडे बघायला लागला.

"अहो, कुकरच्या शिट्ट्या मोजा," कुमुद म्हणाली.

"शिट्ट्या मोजणारे आपण कोण, कुमुद?" तो म्हणाला. "शिट्टी तर आपल्याला मोजत असते."

भात करपला.

मंगळवारी मालिकेच्या निर्मात्या अस्वलबाई स्वतः पेढे घेऊन आल्या. "रंगनाथ, अभिनंदन! शुक्रवारी तू मरतोयस."

रंगनाथच्या घशात पेढा अडकला. "मी? का?"

"अरे, जंगल वेडं झालंय! मी बगळेसरांना विचारलं, शोकनायकाचं पुढे काय होतं? ते म्हणाले, त्याचा अंत होतो. मग एक तासाचा विशेष भाग ठेवलाय. आधी तू स्वतःचे डोळे फोडून घ्यायचेस. मग कड्यावरून उडी. सरांनी क्रमसुद्धा सांगितलाय, आधी डोळे, मग कडा. कड्याला झेंडूची तोरणं लावून झाली."

"आणि शनिवारपासून मी काय करू?"

"शनिवारपासून तू अजरामर!" अस्वलबाई म्हणाल्या.

"बाई, तरसाला दुसरं काम कोण देणार? माझं हसणं ऐकून बारशातली बाळं रडतात. प्रेमळ काकाचं काम मला मिळेल का?"

अस्वलबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. रंगनाथने प्रेमळ हसून दाखवलं. बाहेर एक पिल्लू रडायला लागलं.

"माझ्या हातात काही नाही," त्या म्हणाल्या. "जंगल सरांचं ऐकतं. सरांनी तुला परत साधा दुष्ट म्हटलं, तर बघू."

त्या गेल्यावर रंगनाथने शाल काढून ट्रंकेत टाकली. मग तो ट्रंकेवरच बसून रडायला लागला.

"अहो, रडताय काय?" कुमुद म्हणाली. "जा आणि दुष्टपणा करून दाखवा. सगळ्यांसमोर. दुष्टपणाला डोळे फोडून घ्यावे लागत नाहीत."

"मला जमेल का गं?"

"टीव्हीवर जमतं ना? तसंच करायचं."

बुधवारी सकाळी गोदाक्काने खडकावर उडदाचे पापड वाळत घातले होते. रंगनाथ तिथे गेला, डोळे मिटले, मनातल्या मनात माफी मागितली आणि पापडांवरून चालत गेला. कडकड, कडकड. मग तो वळला आणि परत चालत आला, कारण मधले थोडे राहिले होते.

"अरे मेल्या!" गोदाक्का ओरडली.

रंगनाथचे कान किती सुखावले म्हणून सांगू! पण तेवढ्यात सशिणी धावत आल्या. त्यांनी गोदाक्काला गप्प केलं.

"अक्का, त्याच्या पायाकडे बघू नका! त्याच्या पावलांकडून हे कोण करवून घेतंय ते बघा!"

"कोण करवून घेतंय?" गोदाक्काने विचारलं. "मला तर त्याचेच चार पाय दिसले."

मग रंगनाथने खारीच्या शेंगा पळवल्या. लोक म्हणाले, आतली पोकळी भरतोय बिचारा. साळिंदराच्या मुंजीत तो न बोलावता जेवायला बसला आणि भटजींच्या आधी उठला. लोक म्हणाले, शोकनायकाला पंगतीत कधी शेवटपर्यंत बसता आलंय? पाणवठ्यावर तो रांग मोडून पुढे घुसला. लोक आदराने बाजूला झाले. "नियतीला कुठे रांग असते?" एक माकड म्हणालं आणि स्वतःही त्याच्यामागून घुसलं.

हे मात्र जंगलाला फार आवडलं. संध्याकाळपर्यंत माकडाने दोन घरटी मोडली, लांडग्याने मेंढीच्या दारातलं लाकूड नेलं आणि मुंगसाने उसनी आणलेली खुरपी परत द्यायला नकार दिला. प्रत्येक जण क्षितिजाकडे बघून सांगत होता, की आपल्यात एक उणीव आहे. ज्यांचं गेलं होतं, ते गोदाक्काच्या खडकापाशी जमून नुसतेच एकमेकांकडे बघत बसले.

गुरुवार उजाडला. रंगनाथच्या पोटात मंगळवारपासून धड अन्न नव्हतं. काळजीने मेतकूट-भातसुद्धा उतरेना. शेवटी तो तळ्याकाठी बगळेसरांच्या घरी गेला.

त्या दिवशी सरांचा सत्कार होता. त्यांच्या घरापुढे बरीच मंडळी जमली होती. सत्कारानंतर खाण्यासाठी सरांनी स्वतःच्या हाताने एक मोठी मरळ तळून, लिंबू पिळून, केळीच्या पानावर ठेवली होती. त्या माशावर त्यांनी चार दिवस एका पायावर नजर ठेवली होती.

रंगनाथने हात जोडले. "सर, एवढंच म्हणा की मी दुष्ट आहे. साधा, रोजचा दुष्ट."

सरांनी डोळे मिटले. ते बोलायचे तेव्हा डोळे मिटायचे. "रंगनाथराव, तुम्ही स्वतःला ओळखत नाही, हीच तुमची शोकांतिका."

"सर, मी पापड मोडले. शेंगा चोरल्या."

"चोरी हा फार उथळ शब्द आहे," सर म्हणाले. "वस्तू कुणाची, हा प्रश्नच क्षुद्र आहे. भुकेलेल्या आत्म्यापुढे मालकी म्हणजे काय? थोर जीव हात पुढे करतो, तेव्हा साऱ्या सृष्टीची भूक त्या हातात उतरते..."

ते बोलत राहिले. रंगनाथ ऐकत राहिला. मरळीचा वास त्याच्या नाकात शिरला, तिथून पोटात उतरला. त्याला कळलंसुद्धा नाही, मुलांनो, अगदी शपथेवर सांगतो. सर "सृष्टीची भूक" म्हणाले तेव्हा शेपूट गेलं. "मालकीचा भ्रम" म्हणाले तेव्हा मधला तुकडा गेला. सरांनी "आणि शेवटी उरतं काय?" असं विचारून डोळे उघडले, तेव्हा पानावर एक काटा आणि लिंबाची साल उरली होती.

सरांचा दुसरा पाय खाली आला. तो सगळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"माझी मरळ!" सर किंचाळले. "चोर! दरोडेखोर! धरा त्याला!"

"सर, माझ्यातली उणीव..." रंगनाथ पुटपुटला.

"कसली उणीव? हावरटपणा आहे हा! नीच! हलकट! जातिवंत खलनायक! मी पहिल्यापासून सांगत होतो!"

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मग गोदाक्का हळूहळू पुढे आली. तिला वेळ लागला, पण कुणी मध्ये बोललं नाही.

"सर, मग काल माझे पापड मोडले, ते?"

"तोही हलकटपणाच!" सर ओरडले. "पण तो नंतर बघू, आधी माझी मरळ!"

झालं. क्षणात जंगल ताळ्यावर आलं. सशिणींनी बोटं मोडायला सुरुवात केली. खारीने शेंगा परत मागितल्या. मेंढी लांडग्याच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि तिच्यामागे अख्खी गर्दी उभी असल्यामुळे लांडग्याला आपली उणीव काही केल्या आठवेना. त्याने लाकूड मुकाट्याने परत दिलं.

सगळे रंगनाथच्या मागे लागले. तो पळत सुटला. पळताना तो इतका हसत होता, की त्याला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.

शुक्रवारी पहाटे तो गोदाक्काच्या घरी गेला आणि तिच्यासमोर खाली मान घालून बसला.  तिने पोळपाट त्याच्यापुढे सरकवला. दुपारपर्यंत त्याने पापड लाटले. "पातळ लाट," ती मध्येमध्ये म्हणायची, "एवढा जाड पापड काय वाघाला घालायचाय?" निघताना तिने त्याला एक भाजलेला पापड दिला आणि कुणाला सांगू नको म्हणाली.

तिकडे अस्वलबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. कडा सजला होता. जाहिराती घेतल्या होत्या. कुणीतरी पडायलाच हवं होतं. तेवढ्यात हरिणीच्या नवऱ्याचं काम करणारा सज्जन काळवीट सासुरवाडीला जायची रजा मागायला आला. अस्वलबाईंचे डोळे लकाकले.

"रजा?" त्या म्हणाल्या. "अरे, कायमची घे!"

त्या संध्याकाळी सर्जेरावाने आपल्या देवासारख्या भावाला झेंडूच्या तोरणांमधून कड्याखाली ढकललं आणि वर उभा राहून तो पोटभर हसला. असा भाग जंगलाने कधी पाहिला नव्हता. सशिणींची बोटं मोडून मोडून दुखायला लागली. सांबरीण आजींनी नव्या शिव्या जुळवल्या आणि शेजारणींना शिकवल्या. बगळेसर सगळ्यांत पुढे बसले होते आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. साडेआठला भाग संपला, तेव्हा घसे बसेपर्यंत ओरडून मंडळी हलक्या मनाने घरी गेली आणि गाढ झोपली.

तात्पर्य: मुलांनो, थोर व्हायचं असेल, तर वाटेल त्याचं खा, पण विद्वानाच्या पानाला हात लावू नका. आणि नुसतं जगायचं असेल, तर सगळ्यांत आधी त्याच्याच पानाला लावा.