डिस्कमधला न्यायाधीश

हार्ड डिस्कवरचा निळा दिवा एकसारख्या अंतराने लुकलुकत होता. म्हणजे डिस्क ठणठणीत होती. टीव्ही मात्र तिला ओळखच दाखवेना.

तेजस्विनी ओशाळली. ती लाखनीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ‘प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका’ हे तिचं रोजचं वाक्य. आणि भरलेली डिस्क एकदा टीव्हीला लावून पाहणं तिला सुचलं नव्हतं.

डिस्कमध्ये मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतलं, नाटक होतं. एका सुनेवर खुनाचा आळ येतो आणि न्यायाधीश निकाल देतो, असं ते कथानक; न्यायाधीश झाले होते तेजस्विनीचे सासरे कवडूजी. चंद्रकुमार शूटिंगवाल्याने रात्रभराचं नाटक एकाच अखंड फाइलमध्ये टिपलं होतं. ते कार्डावरून डिस्कवर उतरवायचं काम घरच्या एमएस्सी सुनेकडे आलं आणि ती पेचात पडली. डिस्कची फॅट३२ ही मांडणी टीव्हीला चालायची, पण तिच्यात एवढी मोठी फाइल मावत नव्हती. एनटीएफएस आणि एक्सफॅट या मांडण्यांमध्ये फाइल मावत होती, पण त्या टीव्ही वाचेल याचा नेम नव्हता. धान कापून झालं, चुरून झालं, तरी तिचं ठरेना.

“झालं का बेटा?” कवडूजी विचारायचे.

“कशात भरायचं ते पाहून राहिली, मामाजी.”

“पाह्य सावकाश. धान ढोलीत भराचं का पोत्यात, हे आमचंही लवकर ठरत नाही. काही घाई नाही.”

यावर सासूबाई, उषाबाई, स्वयंपाकघरात उगाचच हसायच्या.

शेवटी कवडूजींच्या बहीण शकुनबाई नाटक पाहायला आसगावहून निघाल्या, आणि चंद्रकुमारलाही त्याचं कार्ड हवं होतं. तेजस्विनीने घाईघाईत डिस्क एक्सफॅट केली, फाइल उतरवली, कार्ड परत दिलं.

“काहून वो, आमचा भाऊ दिसतच नाही?” शकुनबाई आता टीव्हीला नाक लावून म्हणाल्या.

पडद्यावर भाऊ नव्हता. ‘डिस्क वाचता येत नाही. फॉरमॅट करायची का?’ एवढंच होतं.

“मी लॅपटॉप आणते, आत्याजी. कोणी काही दाबू नका.”

ती परतली तेव्हा पडद्यावर ‘पूर्ण झाले’ असं आलं होतं. रिमोट कवडूजींच्या हातात होता.

“मी हो म्हटलं,” ते म्हणाले. “बिचारा केव्हाचा विचारून राहिला होता.”

डिस्क रिकामी होती. तिने चंद्रकुमारला फोन लावला. तो तुमसरला लग्नात होता, आणि त्या कार्डावर आता नवरदेवाची वरात चढली होती.

“चूक माझीच आहे, आत्याजी,” तेजस्विनी खाली बघत म्हणाली. “आधी लावून पाहायला पाहिजे होतं.”

“एवढी शिकली, आन् माह्या भावालेच पुसून टाकलं!”

ते तिला लागलं. ती लॅपटॉप उघडत म्हणाली, “पुसलेलं परत मिळू शकते. शेवटपर्यंत सगळं मिळेल बहुतेक.”

कवडूजींचा चेहरा उतरला. “कायले तरास घेतं बाई? गेलं ते गेलं.”

“मिळू द्या ना!” उषाबाई चहा घेऊन आल्या. “नणंदबाईले पण पाहू द्या. निकालाच्या टायमाले ह्यांच्या तोंडातून शब्दच नाही निघाला. प्रॉम्प्टर ओरडून ओरडून थकला, मंग पडदाच पाडला.”

तेजस्विनीचे हात कीबोर्डवर थांबले. शेवटच्या अंकात तिला झोप लागली होती. आणि दुसऱ्या दिवशी तिने चहा देताना सासऱ्यांना सांगितलं होतं, “मामाजी, निकाल तर फारच छान दिला तुम्ही.” तेव्हा ते चहा तसाच ठेवून गोठ्याकडे का गेले, ते तिला आज कळलं.

आता ती आणि कवडूजी दोघंही जमिनीकडे पाहत होते. तिने हळूच लॅपटॉप मिटला.

“मंग त्या सुनेचं काय झालं?” शकुनबाईंनी बशी खाली ठेवली. “सुटली का लटकली?”

मग कवडूजी उठले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी नीट केला, घसा खाकरला. बहिणीकडे नाही, त्यांनी तेजस्विनीकडे पाहिलं आणि एकदाही न अडखळता म्हणाले,

“सर्व साक्षीपुरावे पाहता, हे न्यायालय आरोपी सुनेला निर्दोष ठरवून मुक्त करीत आहे.”